पाणी झालंय

जनावरांच्या दवाखान्यात एक माणूस असा असतो, की त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. सुई डॉक्टरची, जनावर मालकाचं, ह्याचे नुसते हात. आमच्या दवाखान्यात तो माणूस म्हणजे पकडमामा. सव्वीस वर्षं त्याने जनावरं धरली. चावणारी, ओरबाडणारी, भीतीने टेबलावरच मुतणारी. हे सगळं मी जवळून पाहिलंय, म्हणून सावकाश सांगतो. घाई असेल त्याने खुशाल उठावं.

तपासायची खोली आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद. खिडकी एकच, तीही मांजरं पळू नयेत म्हणून खिळे ठोकून कायमची बंद. त्या खोलीत मामा नुसता बघून बघून शिकला. मांजर कोपर फाकवून, मान पुढे काढून बसलंय, आडवं व्हायलाच तयार नाही, की मामा छातीवर एक बोट टेकवायचा आणि दुसऱ्या बोटाने त्यावर टकटक करायचा. वर रिकाम्या डब्यासारखा आवाज. खाली येता येता एकाएकी बद्द, भरल्या पोत्यासारखा. आत कुठवर साचलंय ते त्याला तिथेच कळायचं.

पण सुई लावायची नाही. डॉक्टर नसताना एकदा लावली होती. कुत्रा वाचला, तरी मामाला लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून कळायचं सगळं, आणि राहायचं आतल्या आत.

डॉक्टरीणबाई दौऱ्यावर असताना शिंपीणबाई आपला बोका घेऊन आल्या. नवऱ्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत त्या दोघंच. बोक्याचं नाव मुकादम. त्या कापड बेततात, हा टेबलावर बसून बघतो. कात्री वाकडी गेली की शेपटी आपटतो, असं त्या शपथेवर सांगायच्या.

मामाने टकटक केली. "बाई, छातीत पाणी झालंय. मोठ्या दवाखान्यात नेता का?"

"तिथवर नेईस्तोवर टोपलीतच जीव सोडेल हो!"

"मग परवा डॉक्टरीणबाई काढतील. तोवर दगदग नको."

मुकादम तेव्हा अजून खात होता, फिरत होता. बाई मान हलवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी टोपली आली तेव्हा तो तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. हिरड्या निळसर, जीभ सुकलेली.

"छातीचा एक्स-रे नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुशीवर टाकला तर हातातच जाईल. आधी ऑक्सिजन. मामा, बसल्या बसल्याच धरा."

असं जनावर आवळायचं नसतं. आवळलं की दम संपतो. सोडायचंही नसतं, उसळलं की सुई फुप्फुसात. मामाने दोन्ही तळहात त्याच्या पुढच्या पायांखाली ओंजळीसारखे धरले. डॉक्टरीणबाईंनी बरगड्या मोजल्या, बरगडीच्या पुढच्या कडेने सुई घातली, कारण मागच्या कडेला रक्तवाहिनी असते. सिरिंजमध्ये पिवळट, घाण वासाचा पू उतरू लागला.

"कुणाशी तरी भांडलाय. दात आत गेला असणार," त्या म्हणाल्या. "आणि हा इतका सुकलाय कसा? सलाईन लावा याला."

शिंपीणबाई दारात होत्या. "काढता आहात ना पाणी? मग भरताय कशाला?"

"म्हणजे?"

"मामाच म्हणाले, पाणी झालंय. म्हणून मी वाटी फडताळावर ठेवली. दोन दिवस थेंब दिला नाही हो! तो खाली बसून वाटीकडे बघायचा. मी म्हणायची, मुकादमसाहेब, तुमच्या भल्यासाठीच आहे. मग माझ्याकडे बघायचा."

खोलीत सिरिंजच्या दांड्याचा तेवढा आवाज होता. मामाच्या तळहातांत बोक्याचं काळीज फडफडत होतं. हात काढता येत नव्हता, तोंड फिरवता येत नव्हतं, दार पाच पावलांवर असून जाता येत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं, तेही पुसता येईना.

"मामा, हलू नका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"नाही हलत."

मुकादमच्या छातीत नळी बसवली. कोमट सलाईन आत सोडायचं, पुवासकट परत ओढायचं, दिवसातून दोनदा. शिवाय शिरेतून सलाईन, पू मारायची इंजेक्शनं. पाच दिवस तो पिंजऱ्यात, बाई पिंजऱ्यासमोरच्या स्टुलावर, आणि मामा दोघांच्या मध्ये. बाई मामाशी एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तो मला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मुकादम खायला लागला. पण वाटी पुढे ठेवली की वास घ्यायचा, आणि मागे सरून बाईंच्या तोंडाकडे बघायचा. पाचव्या दिवशी नळी निघाली. आता शिरेतलं सलाईन बंद करायचं, तर त्याने आपणहून प्यायला हवं होतं.

मामाने पिंजऱ्याचं दार उघडलं. पाच दिवसांत पहिल्यांदा तो बाईंकडे वळला.

"तुम्हीच सांगा त्याला. माझं नाही ऐकायचा."

बाई स्टुलावरून उठल्या. मग वाकल्या. "पी रे. मामा चुकले, मीही चुकले. पी आता."

बोक्याने एकदा बघितलं, मान खाली घातली. लपलप आवाज सुरू झाला.

आता मामा कुणालाही 'पाणी झालंय' म्हणत नाही. "छातीत साचलंय, पाणी मात्र पाजत राहा," म्हणतो, आणि ते मालकाकडून दोनदा वदवून घेतो. लोक हसतात, त्याला पाणीमामा म्हणतात. त्या दिवशी मात्र वाटी रिकामी झाली तरी तो पिंजऱ्याचं दार घट्ट धरून उभाच होता. ते धरायची काही गरज नव्हती.