माकुलाच्या ताटावरची नजर

म्हातारपणी दातकाकांचं पाऊल घसरलं, अशी कुजबुज आमच्या गल्लीत चांगली महिनाभर चालली. दर गुरुवारी दुपारी ते बंदरावरच्या मासळीच्या खाणावळीत जातात आणि शेजारच्या टेबलावरच्या हेडबाईंकडे टक लावून बसतात, असं जो तो सांगत होता. माझ्या कानावर बातमी आली तेव्हा ती अर्धी कच्ची होती. मी पिकवून पुढे दिली, एवढाच काय तो माझा दोष.

दातकाका कवळ्या बनवतात. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण गल्ली काका म्हणते म्हणून मीही म्हणतो. चाळीस वर्षांत त्यांच्या माडीवरच्या खोलीतून किती हसू बाहेर पडली याचा हिशेब नाही. पण कोणाचं हसू कुठलं, ते काका मेले तरी सांगायचे नाहीत. "लोक विश्वासानं तोंड उघडतात, मग आपण मिटलेलं बरं," हा त्यांचा नियम. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींनासुद्धा पत्ता नसायचा. बिचाऱ्या गल्लीतल्या बायकांच्या हसण्यावरून अंदाज बांधत बसायच्या.

अशा माणसाची बातमी, ती वहिनींपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

"भाऊजी, खरं काय ते सांगा," त्यांनी मला दारातच गाठलं.

"वहिनी, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही," मी म्हणालो. पण असा सुस्कारा सोडला की पाहिलेलं परवडलं.

वहिनींनी बॅग भरली. काकांसमोर दारात आणून ठेवली. "गुरुवारी मी येते तुमच्याबरोबर. ऐकलं तसं दिसलं, तर तिथूनच लेकीकडे. परत ही पायरी चढणार नाही. भाऊजी, तुम्ही साक्षीला या."

काकांचा चेहरा उतरला, पण एवढंच म्हणाले, "ये."

खाणावळ साधीच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मेणकापडाची टेबलं, फळ्यावर खडूनं लिहिलेली यादी. आमचं टेबल डुलत होतं, वेटरनं पायाखाली पुठ्ठा घातला, मग ते दुसऱ्या बाजूला डुलायला लागलं. सूप आलं ते गार. परत पाठवलं तर एवढं कढत आलं की माझी जीभच पोळली. मी मागवली कोळंबी, आला भाजलेला बांगडा; काकांनाही तोच. पण काय बांगडा! कातडी कुरकुरीत, आत लोण्यासारखा, वर लिंबू पिळताना मालक हात आखडत नव्हता. वेटरला शिव्या द्यायला तोंड रिकामं तर हवं.

वहिनींनी मात्र घासाला हात लावला नाही. बॅग मांडीवर, नजर नवऱ्यावर.

आणि नवऱ्याची नजर हेडबाईंवर.

हेडबाई म्हणजे सत्तरीतली ताठ बाई. तीस वर्षं शाळेत पोरांना दात घासण्यावर भाषणं दिली आणि आपले मोत्यांसारखे दात पुरावा म्हणून दाखवले. त्यांच्यापुढे तळलेल्या माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चकत्या होत्या. बाईंनी एक चकती तोंडात घातली. काका पुढे झुकले. बाईंनी ती इकडची तिकडे केली. काकांचा जबडासुद्धा तसाच हलला. मी मनात म्हटलं, गेला माणूस हातचा.

"हे माकूल आहे की सायकलचं टायर?" बाई गरजल्या. "चौथा गुरुवार! आचाऱ्याला बाहेर बोलवा!"

आचारी आला, रडकुंडीला आलेला. मागून मालक. "बाई, तुमची एकटीचीच तक्रार आहे हो. पण आता खरंच आचारी बदलतो."

काकांनी हात लांब करून बाईंच्या ताटातली एक चकती उचलली आणि खाल्ली. त्यांचा चेहरा पडला. "मऊ आहे," ते पुटपुटले.

तेवढं पुरे झालं. वहिनी बॅग घेऊन उठल्या, त्या थेट बाईंच्या टेबलाशी. "बाई, परक्या ताटात हात घालायची मजल गेली, म्हणून विचारते. माझा नवरा चार गुरुवार तुमच्या तोंडाकडे काय बघतोय?"

खाणावळीत काटे-चमचे थांबले. बाईंनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाही."

"बायकोलाही नाही? ती बॅग भरून निघाली तरी?"

"तुम्हाला शब्द दिला होता."

बाईंनी रुमाल तोंडाशी नेला, मान भिंतीकडे वळवली, आणि वहिनींच्या हातात रुमालाची पुरचुंडी ठेवली. "घ्या," त्या बोळक्यानं म्हणाल्या. "तुमच्याच घरच्या आहेत."

वहिनींनी पुरचुंडी उघडली, पाहिलं, आणि मटकन माझ्या खुर्चीवर बसल्या. साक्षीदार म्हणून मी केव्हाच उठून उभा होतो.

"चाळीस वर्षांत माझी एक कवळी परत आली नाही," काका खाली मान घालून सांगत होते. "म्हणून तीन गुरुवार मीही म्हटलं, माकूलच वातड असेल."

खिशातून त्यांनी निळ्या कागदाची पट्टी काढली. बाईंना कवळी बसवायला लावून ती दाताखाली चावायला दिली. एका दाढेवर निळा ठिपका उमटला. काकांनी कवळी परत हातात घेतली आणि बारीक कानशीनं तिथंच, मेणकापडावर, चार वेळा घासलं. बाईंनी नवी चकती खाल्ली. मग दुसरी. मग ताट पुसून संपवलं आणि आचाऱ्याची भर खाणावळीत माफी मागितली. दातांची गोष्ट त्या आता स्वतःच सगळ्यांना सांगतात, म्हणून मला लिहिता येतेय.

वहिनींनी बॅग माझ्या हातात दिली. "भाऊजी, ही घरापर्यंत तुम्ही उचलायची. सुस्कारे सोडत." आणि नवऱ्याच्या ताटातला बांगडा स्वतःकडे ओढला.

दातकाकांचं मन कोणावर बसलं नव्हतं. हेडबाईंच्या खालच्या कवळीची डावी दाढ अर्धा मिलिमीटर उंच होती, आणि ती कुठे अडते ते काका बघत होते.