सासूचं दुखणं, माझ्या नावावर

आमच्याकडे बायकांच्या काही दुखण्यांना स्वतःचं तोंड नसतं. घरात जिची जीभ चालते तिने दवाखान्यात जायचं, दुसरीचं दुखणं आपलंच म्हणून सांगायचं आणि गोळ्या पदराआड घरी आणायच्या. माझ्या आईने हे मावशीसाठी केलं, मी सासूसाठी केलं. यात खोटं बोलणं असतं असं आम्हा कोणालाच कधी वाटलं नाही. उलट सून गुणाची, असंच म्हणतात.

सासू बालाघाटजवळच्या वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये कामाला होती. उकडलेलं धान सिमेंटच्या मोठ्या अंगणात वाळत घालतात, आणि बायका त्यातून अनवाणी पाय घासत चालत राहतात, म्हणजे खालचं धान वर येतं. सकाळपासून ऊन कलेपर्यंत हेच. सत्तरीला टेकली तरी तिची चाल तरण्या बायकांना गाठता येत नसे. "माहे पाय हायेत तवर मी कोणाची मिंधी नाई," असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. नवऱ्यामागे तिने पोर वाढवलं ते त्या पायांवर.

तिला लघवीच्या जागी आग होऊ लागली, तेव्हा चार दिवस तिने कोणाला कळू दिलं नाही. मग मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"बाप्या माणूस हाये तो डॉक्टर. त्याले मी काय सांगू? तूच जा. तुलेच होते म्हणून सांग. आन् माह्या पोराले सांगशीन त माही शपथ हाये."

मी गेले. डॉक्टर भला माणूस, घाई न करणारा. वय विचारलं, मी माझं सांगितलं, चौतीस. दम्याची, श्वासाची, सुजेची कसली गोळी चालू आहे का, विचारलं. सासूला दम्यासाठी स्टेरॉइडची गोळी रोज होती. पण विचारत होता मला, म्हणून मी ठणकावून नाही म्हटलं. उठताना तो म्हणाला, "एड़ी के पीछे दर्द हो तो गोली उसी वक्त बंद, और सीधे मेरे पास आना." मला हसू आलं. आग कुठे आणि हा टाचेचं काय सांगतोय! दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी ते विसरूनही गेले.

गोळ्या सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी सासू म्हणाली, "टाच लय दुखून राह्यली वो." मी मोहाचं तेल कोमट करून चोळलं आणि वर शहाणपण शिकवलं, "गोळ्या अर्ध्यात सोडा नाही लागत, आई. कोर्स पुरा करा लागते." पाचव्या दिवशी मिलच्या अंगणात वळताना तिच्या टाचेमागून सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला आणि ती धानातच बसली.

बालाघाटच्या हाडांच्या डॉक्टरने सांगितलं, टाचेची जाड शीर तुटली आहे. कोणत्या गोळ्या चालू होत्या ते त्याने विचारलं. मी पाकीट दाखवलं. या वयात, दम्याच्या गोळीसोबत, या औषधाने असं होऊ शकतं, तो म्हणाला. माझा नवरा शेजारीच उभा होता. त्याला वाटलं, गोळ्या डॉक्टरने आईलाच तपासून दिल्या. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. मी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात उभी राहिले.

प्लास्टर उतरलं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. नवऱ्याने वकील गाठला. परदेशात या गोळ्यांवरून लोकांनी दावे लावल्याचं त्या वकिलाने वाचलं होतं. कंपनी दूर आहे, तो म्हणाला, आधी डॉक्टरला धरू. ग्राहक आयोगात तक्रार टाकू की धोका न सांगता औषध दिलं.

आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो. त्याने दवाखान्याची चिठ्ठी पाहिली आणि भुवया उंचावल्या. "इसमें तो बहू का नाम है." मग त्याला आनंदच झाला. डॉक्टर इतका बेफिकीर की पेशंट कोण हेही बघत नाही, असं लिहू, म्हणाला. माझ्याकडे वळून विचारलं, "आप साथ में थीं. डॉक्टर ने कुछ बताया था, दर्द हो तो बंद करना वगैरह?"

"नहीं बताया," नवऱ्यानेच उत्तर दिलं. "बता दिया होता तो ये चुप बैठती क्या?"

झाकली मूठ तशीच ठेवायची होती, बस. मला फक्त सही करायची होती. भरपाई मिळाली असती, सासूला आधार झाला असता, तिची लाज राहिली असती आणि माझी चूक कोणाला कळली नसती. बुडाला असता तो एकटा डॉक्टर. मी फटकळ म्हणून गावभर प्रसिद्ध, पण त्या दिवशी मी आधी ती चिठ्ठीच पुन्हा वाचत बसले. मी सासूकडे पाहिलं. तिने पदर पार नाकापर्यंत ओढला होता.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मले सांगितलं होतं. गोळ्या मी माह्या नावानं आणल्या. आईले सांगाची लाज वाटे."

वकिलाने पेनाला टोपण लावलं. नवऱ्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि तो बाहेर गेला. जिना उतरताना सासूने माझा खांदा धरला नाही, कठडा धरला. बसमध्ये एवढंच म्हणाली, "पोरासमोर काहून बोलली?" ती शपथ मोडल्याचं वाईट मला आजही वाटतं, आणि डॉक्टर वाचला याचं बरंही वाटतं. दोन्ही एकाच पोटात आहेत, काय करणार.

ती मिलमध्ये परत गेली नाही. दारात बसून तांदूळ निवडते. दोन महिने तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

गेल्या आठवड्यात मी पोळ्यांची कणीक भिजवत होते. बाहेरून तिचा आवाज आला, आतल्या खोलीपर्यंत स्पष्ट ऐकू येईल असा. मुलाला सांगत होती, "मले दवाखान्यात ने. लघवीले आग होऊन राह्यली. दम्याची गोळी बी संगं घेतो, दाखवाले."

"हौ, चाल," तो म्हणाला आणि मोटरसायकल काढली. तिला उचलून बसवताना ती कण्हली तेही मी ऐकलं. मला कोणी चल म्हटलं नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडली, आणि मी कणकेच्या हातांनीच खाली बसून पोटभर रडले.