नव्वदपासूनची मोजपट्टी

रोज सकाळी संगणक सुरू करण्याआधी रंगूताई मऊ फडक्याने पडदा पुसायच्या, मग चष्मा पुसायच्या, आणि चष्मा लावून पुन्हा पडदा. धुळीचा एक कण आकड्यांत जाऊन बसला की त्याचं दशांशचिन्ह व्हायला वेळ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. कंपनीच्या अहवालांतले तक्ते-आलेख रंगवायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्या सगळ्यांच्या रंगूताई झाल्या.

कंपनी रुग्णालयांच्या चादरी धुऊन द्यायची. धुलाईघरं पाच, आणि पाचांच्या पाच तऱ्हा. कुणी तारीख उलटी लिहायचं, कुणी टक्क्यांच्या रकान्यात किलो भरून मोकळं व्हायचं. ते सगळं एका वळणावर आणता आणता दिवस सरायचा. संध्याकाळी मान अशी आखडलेली असायची की कुणी हाक मारली तर अख्खं अंगच वळवावं लागे.

"दिवसभर बसूनच तर असतेस," नवरा म्हणायचा. त्यावर भांडायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

काही वर्षांपूर्वी साहेब वैतागून म्हणाले होते, "सगळे खांब एकाच उंचीचे! बैठकीत लोक डुलक्या काढतात. जरा फरक दिसू द्या की." रंगूताईंनी आलेखाची उभी मोजपट्टी नव्वदपासून सुरू केली. खालचा सगळा भाग कापला गेला, आणि वेळेवर पोचलेल्या चादरींचे खांब एकदम लहानमोठे दिसू लागले. साहेब खूश झाले. मग दर महिन्याला तोच साचा, नवे आकडे.

अशात कालव्याजवळचं धुलाईघर बंद होणार अशी कुणकुण लागली. तिथे इस्त्रीच्या टेबलावर रंगूताईंची थोरली जाऊ उभी असायची. रविवारी ती आली ती दारातूनच बोलत.

"काय गं रंगू, आमच्याकडच्या फलकावर तुझं आलेखाचं चित्र लावलंय. आमचा खांब एवढुसा, नखाएवढा! आम्ही काय तिथे झोपा काढतो?"

"तुमचे ब्याण्णव टक्के आहेत, वहिनी."

"आणि त्या पहिल्या नंबरवाल्यांचे?"

"सत्त्याण्णव."

जाऊ मटकन खुर्चीत बसली. "शंभरातल्या पाच चादरींचा फरक, आणि तू आम्हाला त्यांच्या गुडघ्याएवढं केलंस होय? या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार आहे?"

नव्वदचा आकडा आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेला होता. तो वाचायला थांबणार कोण?

सोमवारी बैठकीआधी त्यांनी मोजपट्टी शून्यावर नेली. पाचही खांब शेजारी शेजारी जवळजवळ सारख्या उंचीचे उभे राहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर त्यांनी त्याचा आकडा लिहिला आणि अहवाल साहेबांपुढे ठेवला.

"हे काय? पुन्हा सपाट? एक धुलाईघर बंद करायचंय, कोणतं ते दिसायला नको?"

"जेवढं आहे तेवढं दिसतंय, साहेब. आकडे वर लिहिलेत."

"जुनं करून द्या."

"जुन्यात ब्याण्णव म्हणजे काहीच नाही असं वाटतं. माझीच चूक होती ती. पुन्हा नाही करणार."

आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात जोरही नव्हता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. साचा बदलता येणारं दुसरं कुणी खोलीत नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते तोच अहवाल घेऊन गेले.

दुपारी परतले. "काही ठरलं नाही. एकाकडे बोट दाखवायचं, तर दाखवायचं कुणाकडे? आता खर्चाचे आलेख मागितलेत, सगळ्यांचे. पुढच्या बैठकीला. तुम्हीच लागा कामाला."

"बरं," म्हणून रंगूताईंनी रिकामा तक्ता उघडला. पहिल्याच धुलाईघराने विजेच्या रकान्यात पाणी भरलं होतं.

घरी पाय ठेवते न ठेवते तोच जाऊचा फोन आला. "काय झालं गं? वाचलो का आम्ही?"

"या महिन्यापुरतं तरी," रंगूताई चपला काढत म्हणाल्या. "बाकीचं समोरासमोर बोलू. आणि वहिनी, येताना दूध घेऊन या, घरातलं संपलंय."