फ्रीजच्या तोंडी घास

दारातूनच पाणी आणि बर्फ देणारा फ्रीज आमच्या गल्लीत पहिल्यांदा माझ्या घरी आला. लोक बघायला आले. वाटीनं खटका दाबला की खडखड बर्फ पडतो, याचं लोकांना नवल. मला त्याचं काही नवल नव्हतं. तो फ्रीज हौसेनं आलेला न्हाई.

पेरणी आटोपली आणि बायकोच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. गिळणं गेलं. बोलणंही गेलं, त्यातला एकच शब्द मागं राहिला, 'काहून'. तहान लागली तरी काहून, लेकीची आठवण आली तरी काहून, मी मोठ्यानं बोललो तरी काहून. कोणता काहून कशासाठी, हे मला हळूहळू कळायला लागलं. इतरांना कळत नव्हतं. पाहुणे म्हणायचे, "म्हातारी सारखं काहून काहून काहून करती?" मी म्हणायचो, "तुमी आले काहून, आसं इचारून राहिली ती." मग ते लवकर उठायचे.

जेवण नाकातल्या नळीनं. त्या नळीचा मला फार राग. बायकोचं तोंड धड दिसायचं न्हाई, गालावर सारखी चिकटपट्टी. हिंगोलीचा डाक्टर म्हणाला, "बाबा, त्या गिळायचं विसरल्यात, पुन्हा शिकवावं लागंल. ताठ बसवायचं अन् बर्फाचा बारीक चुरा जिभेवर ठेवायचा. गार लागलं की गळा जागा होतो. ठसका न लागता गिळायला लागल्या की पातळ पेज देऊ, मग नळी काढू."

नळी काढू, एवढं मी धरून बसलो.

आमची एकच लेक, नांदेडला असते. तिनं हा फ्रीज पाठवला. घरात बारका फ्रीज होता, म्हणून मी आधी नको म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, त्याच्यात बर्फाचे दगड व्हतेत. मायला चुरा पायजे. तुमी गप बसा." माझ्यावर गेलेली आहे, तिच्याशी वाद चालत न्हाई. गच्चीवरच्या टाकीपासून फ्रीजपर्यंतची बारीक नळी मात्र मी स्वतः जोडली. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण विहिरीवरची मोटार असो का ट्रॅक्टर, माझ्या घरच्या मशीनला मी बाहेरचा हात लागू दिलेला न्हाई.

सकाळ-संध्याकाळ वाटी लावायची, चुरा घ्यायचा, तिच्या मागं उशा लावायच्या, एकेक कण जिभेवर ठेवायचा. मग मी तिच्या गळ्याकडं बघत बसायचो. गळा वर जाऊन खाली आला की झालं. पहिल्यांदा बिनठसक्याचं गिळली तेव्हा मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आत बसवलं न्हाई.

दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं राबणाऱ्या वस्तूंची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, तिची शिलाई मशीन, ट्रॅक्टर. लोक हळदकुंकू वाहतात, फूल ठेवतात, झालं. पण तिची एक रीत जास्तीची होती. जे राबतं त्याला ती गुळाचा घास द्यायची. विळ्याच्या मुठीला गूळ, शिलाई मशीनला गूळ, ट्रॅक्टरच्या तोंडाला गूळ. "बैलाला देता, मंग याला काहून न्हाई?" म्हणायची. तेव्हा सगळं बोलता येत होतं.

यंदा मी तिला खुर्चीत बसवून सगळीकडं फिरवलं. तिचा उजवा हात माझ्या हातात, त्याच हातानं कुंकू लावत गेलो. सगळं झालं तसं ती फ्रीजकडं बघून म्हणाली, "काहून?"

"त्याला कशाला? ते काय औजार हाये का?"

"काहून!" डोळे वटारले.

बरोबर होतं तिचं. घरात सगळ्यात जास्त तोच राबत होता. कुंकू लावलं. गुळाचा खडा तिनं डाव्या हातात घेतला, थबकली, आणि उजव्या हाताकडं बघायला लागली. डाव्या हातानं घास देत न्हाईत. मग मी तिची उजवी बोटं त्या खड्यावर मिटवली आणि तो हात फ्रीजच्या तोंडात वर नेला. गूळ ठेवला गेला. जिच्या तोंडात घास जात नव्हता तिनं मशीनला घास दिला, आणि अर्ध्या तोंडानं हसली. ते हसू मी नंतर फार खेपा आठवलं.

चार-दोन दिवसांनी बर्फ बंद पडला. वाटी लावली की आत मोटार घुरघुर करायची, खाली काही पडत न्हाई. पाणी दाबलं तर पाणी येत होतं, म्हणजे टाकी आणि नळी ठीक. लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, कुलपाचं चित्र दिसतंय का? मायचा हात लागून कुलूप पडलं आसंल."

"कुलूप न्हाई."

"मंग कंपनीचा माणूस बोलावते."

"बोलवू नको. मी हाये का मेलो?"

आतला बर्फाचा डबा बाहेर ओढून काढला. सगळा चुरा आळून त्याचं एक ढेकूळ झालेलं. डबा कोमट पाण्यानं धुतला, कोरडा पुसला, पुन्हा बसवला. दिवसभर थांबल्यावर बर्फ पडला आणि मी लेकीला फोन करून मिजास केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढेकूळ. पुन्हा धुतला, पुन्हा तेच.

मधल्या दिवसांत मी ते ढेकूळ फडक्यात बांधून वरवंट्यानं फोडत होतो. चुरा टोकदार व्हायचा, लहान-मोठा. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या खेपेला चेहरा निळा पडला. डाक्टरला फोन केला तर म्हणाला, तसलं काही देऊ नका. गिळण्याचं शिक्षण थांबलं. ती सकाळी फ्रीजकडं मान वळवायची आणि माझ्याकडं बघायची. त्या वेळचा काहून मला सगळ्यात जड गेला.

लेक म्हणाली, "बाबा, हट्ट सोडा. माय मागं चालली." मी फोन ठेवून दिला.

त्याच सकाळी फ्रीजच्या दारावर मुंग्यांची ओळ दिसली. खालून निघून सरळ फ्रीजच्या तोंडात. थंड लोखंडात मुंगीचं काय काम? खटका दाबून बोट वर घातलं. बर्फ पडायच्या भोकाला आतून एक झाकण असतं. दसऱ्याला हात वर गेला तेव्हा खटका दाबला गेला होता, झाकण उघडलं होतं, आणि गूळ त्याच्या काठालाच चिकटला होता. झाकण पुरतं मिटत नव्हतं. त्या फटीतून बाहेरची दमट हवा आत जाऊन राहिली आणि बर्फ आळून राहिला.

कोमट पाण्याच्या फडक्यानं गूळ सोडवला. मागून ती म्हणाली, "काहून?"

तिनं तो गूळ बघितला असता तर तिला सगळं कळलं असतं. बुद्धी तिची शाबूत होती. आपल्याच घासानं आपला बर्फ बंद झाला, हे ओझं घेऊन ती बसली असती. मी गूळ मुंग्यांसकट तोंडात टाकला.

"काहून?"

"सुपारी हाये."

तिनं तोंड वाकडं केलं. सुपारी खाल्लेली तिला कधी खपली न्हाई. मुंग्या जिभेला डसत होत्या आणि मी तिच्यासमोर चावत होतो.

डबा पुन्हा धुऊन बसवला. दुसऱ्या सकाळी चुरा पडला, पहिल्यासारखा. तिला ताठ बसवली, कण ठेवला. गळा हलला न्हाई. मी वाट बघितली. पाणी ओठाच्या कडेनं ओघळून आलं. दुसरा कण ठेवला, तोही तसाच ओघळला. "गीळ की गं," म्हणालो. "इतके दिवस गिळत व्हतीस." ती नुसती बघत राहिली. काहूनही म्हणाली न्हाई. हात लावून बघितलं तर अंग तापलेलं.

हिंगोलीला नेलं. डाक्टर म्हणाला, थुंकी छातीत उतरली आहे, गिळता न येणाऱ्या माणसाचं असं होतं. लेक नांदेडहून आली. तिनं विचारलं, "फ्रीजला झालं तरी काय व्हतं?" मी म्हणालो, "मशीन हाये, बिघडतं." ती कंपनीला शिव्या घालत राहिली. मी घालू दिल्या.

ताप उतरला न्हाई. दिवाळीच्या आधी सकाळी ती गेली.

घरी न्यायच्या आधी नर्सबाई आल्या. त्यांनी गालावरची चिकटपट्टी सोडवली आणि नाकातली नळी ओढायला धरली.

मी म्हणालो, "हळू काढा, बाई. तिला ठसका लागंल."