डाव्या बाजूचा ब्रेक

अण्णांचा फोन मी दोनदा कापला. नाशिकच्या नव्या कंपनीतला माझा अठरावा दिवस होता, हळदीच्या नमुन्यांवर बैठक चालू होती आणि फोनवर ‘अण्णा’ दिसलं. सकाळचे सव्वादहा म्हणजे त्यांची रोजची वेळ. जेवला का, पाऊस हाय का, साहेब काय म्हणून राहिला, हे तीन प्रश्न रोज त्याच क्रमानं. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग कुरुंद्याहून बायकोचा, सुनीताचा फोन आला तेव्हा कळलं, अण्णांच्या फोनवरून वैनी बोलू पाहत होत्या. अण्णा अंगणात मोटारसायकल पुसता पुसता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

याला आता दीड महिना झाला. माझा थोरला भाऊ गेला आणि त्याच्याबद्दल लिहायला बसलो, तर पहिल्यांदा आठवतो तो मला त्याचा यायचा तो वैताग. हे मला शोभत नाही, पण खोटं लिहून तरी काय करू... खोटं बोलून आधीच खूप झालंय.

अण्णा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी सातवीत असताना वडील गेले, तेव्हा अण्णा एसटीत नुकतेच ड्रायव्हर म्हणून लागले होते. त्यांनी मला बी.एस्सी. केलं. वसमतजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, तेव्हा दर साप्ताहिक सुट्टीला ते खाकी कपडे घालून एका संचालकाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. मागायचे काही नाहीत, नुसते बसायचे. त्या माणसानं कंटाळून माझं नाव पुढे केलं असावं. नोकरी लागली त्या दिवशी अण्णांनी फाट्यावर गाडी थांबवून भरल्या बसला पेढे वाटले आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली. मला म्हणाले, “बळ्या, पर्मनंट हाय. आता रिटायर होईस्तोर हलायचं न्हाई.”

बावीस वर्षं हललो नाही. मग वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नाशिकच्या एका मसाल्याच्या कंपनीनं बोलावलं. या वयात आपल्याला कुणी बोलावतं, याचंच मला अप्रूप वाटलं. एप्रिलमध्ये गाळप हंगाम संपल्यावर मी राजीनामा दिला. घरात सुनीताला माहीत, मुलगी ऋतुजाला माहीत. अण्णांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. त्यांच्या दोन्ही मुली सासरी, एका अंगणात आमची दोन दारं, आणि मी एक दार बंद करून चाललो होतो.

नव्या नोकरीआधी आठ दिवस मोकळे होते. नवी गाडी दारात होती. सुनीता म्हणाली, “कोकणात जाऊ. अण्णा-वैनींना घेऊ आणि गाडीतच सांगून टाका. गाडीतून माणूस उठून जात नाही.”

मला पटलं. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणं म्हणजे काय, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं.

कुरुंद्याहून निघालो तेव्हा अण्णा पुढे, माझ्या डावीकडे. झिरो फाटा येईपर्यंत त्यांनी सात-आठ वेळा ब्रेक दाबला असेल. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हे त्यांना कळत होतं, पायाला कळत नव्हतं. पुढे ट्रक दिसला की उजवा पाय खाडकन मॅटवर. त्यांच्या चपलेच्या टाचेला लोखंडी नाल ठोकलेली, त्यामुळे आवाजही व्हायचा. झिरो फाट्याला म्हणाले, “घे बाजूला.” उतरले, चारी टायरांना उलटा हात लावत गाडीभोवती फिरले. “मागचं डावं गरम हाय.” ऊन बेचाळीस अंशांचं, टायर काय थंड असणार? पण दर तासाला हेच. जेवायला म्हणून उतरलो तरी आधी टायर, मग हात धुणं.

“अण्णा, गाडी नवी आहे,” मी म्हणालो.

“नवीच बिघडती. जुनीला सवय असती.”

मागून वैनी म्हणाल्या, “त्याहिला स्टॅण्डवर उतरवून द्या भाऊजी, डेपो जवळच आसंल.” ऋतुजा हसून हसून लोळली. अण्णा हसले नाहीत. समोर बघत त्यांनी विचारलं, “रजा किती दिसाची काढली?”

“आठ.”

“साहेबानं बराबर मंजूर केली?”

“हो.”

“फोन कर एकदा. इचारून घे.”

हा प्रश्न त्यांनी बीडला विचारला, नगरला विचारला, पुण्यात गर्दीत अडकलो तेव्हाही विचारला. दर वेळी मी मनात वाक्य जुळवत असायचो, आता सांगतो, पुढच्या वळणावर सांगतो... आणि दर वेळी तो पाय खाडकन आपटायचा किंवा तो प्रश्न यायचा, आणि माझं डोकं फिरायचं.

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आम्ही सगळे धावत पाण्यात गेलो आणि अण्णा गाडीजवळ उभे. “वाळूत लावली तुनं. चाक धसंल. जा तुमी, मी हाय इथं.” ऋतुजानं हात धरून ओढलं, तरी हलले नाहीत. “दिसून राहिला न इथून. एवढा मोठा हाय, जवळ काहून जायचं?” दोन दिवस तिथं होतो, दोन्ही दिवस त्यांनी समुद्र गाडीला टेकून पाहिला. दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून चांगली जागा नव्हती. अण्णांनीच विचारलं, “कारखान्यात समदं ठीक हाय न?”

मी म्हणालो, “हो. का?”

“काई न्हाई.”

परतताना घाटात एक बस अंगावर आली. मी सांभाळली होती गाडी, पण डावीकडून पाय आपटला आणि अण्णा ओरडले, “दाब!” मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, “पाय काढा तिथून. एसटी नाही ही. आयुष्यभर तुम्हीच चालवणार का माझी गाडी? मागं बसा.”

अण्णा उतरले. टायरांना हात न लावता मागं जाऊन बसले. सुनीता पुढे आली. कुरुंद्यापर्यंत त्यांनी एकदाही थांबायला सांगितलं नाही, रजेचंही विचारलं नाही. मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

घरी आल्यावर मी आणखी एक खोटं बोललो. कारखान्यानं तीन महिने नाशिकला ट्रेनिंगला पाठवलंय, म्हणालो. अण्णा म्हणाले, “बरं. तब्येतीला जप. तकलीफ झाली तं फोन कर.” दुसऱ्या दिवसापासून सव्वादहाचे फोन सुरू झाले.

तेराव्याला पंगती उठल्यावर मी वैनींजवळ बसलो आणि नोकरीचं सगळं सांगितलं. त्या भांड्यांकडे बघत होत्या.

“त्याहिला ठाव होतं,” त्या म्हणाल्या.

कोकणात जाण्याच्या दोनच दिवस आधी अण्णा माझ्यासाठी शेवया घेऊन कारखान्यावर गेले होते, म्हणाल्या. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, “भावाच्या निरोप समारंभाला तुमी काहून आले न्हाईत?” शेवया तशाच परत आणल्या. वैनी चिडल्या, आत्ताच जाऊन विचारते म्हणाल्या, तर अण्णांनी अडवलं. “त्याला सांगू दे. मी इचारत राहतो, सांगंल तो.”

म्हणजे तो रजेचा प्रश्न, तो साहेबाचा फोन... ते दार उघडून धरत होते आणि मी दर वेळी ते वाऱ्यानं आपटतंय म्हणून चिडत होतो. निरोपाला बोलावलं नाही याबद्दल एक शब्दही न काढता त्यांनी मला सातशे किलोमीटर जाताना आणि सातशे किलोमीटर येताना वेळ दिला.

तरी मला त्यांचा रागच येतो. इतकं माहीत होतं तर एकदा सरळ विचारायचं होतं. संचालकाच्या ओट्यावर नुसतं बसून राहायचे, तसे माझ्याही शेजारी नुसते बसून राहिले. तो परका माणूस कंटाळून बोलला. मी बोललो नाही.

मागच्या आठवड्यात गाडी धुवायला दिली. धुणाऱ्यानं डाव्या बाजूचं मॅट बाहेर काढून दाखवलं. उजव्या कोपऱ्यात, जिथं अण्णांची टाच पडायची, तिथं रबर आरपार फाटलंय. “साहेब, हे टाकून देऊ? नवं बसवतो.”

मी म्हणालो, वाळवून परत तिथंच ठेव.

नाशिकला निघालो तेव्हा सुनीता पुढे बसली. पाय तिनं त्या भोकाच्या अलीकडे घेतले. झिरो फाटा आला तशी मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून चारी टायरांना उलटा हात लावला. मागचं डावं खरोखरच जरा जास्त गरम होतं.