छपरीचा झाला लाउंज

पौर्णिमा गावंडेचे वडील नत्थुजी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमची पोट्टी हाटेलात हाये." झालं! ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर हातात ट्रे घेतलेली पौर्णिमा उभी. पोरगी आर्किटेक्ट आहे, अमरावतीत तिचं स्वतःचं ऑफिस आहे, वऱ्हाडातली बरीचशी बडी हॉटेलं आतून तिनं सजवलीत, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. पण बार्शीटाकळीच्या काळ्या रानात उभा जन्म गेलेल्या माणसाला ते काही केल्या पटेना. "भिंती गवंडी बांधते, पलंग सुतार करते," ते म्हणायचे, "मंग तू काय करतं वं?"

म्हणून एकदा तिनं त्यांना अकोल्याचं हॉटेल दाखवायला नेलं होतं. तिचं फार नावाजलं गेलेलं काम. तोंड दिसेल अशी फरशी, पांढरेशुभ्र सोफे, छतातून लोंबणारी झुंबरं. नत्थुजींनी दारातच चपला काढून हातात घेतल्या आणि मधोमध जाऊन उभे राहिले. ती म्हणाली, "बसा ना बाबा." ते म्हणाले, "नको माय, मळंन." चहा आला, तोही त्यांनी उभ्यानंच घेतला. गाडीत बसल्यावर मात्र "लय भारी हाये, लय भारी हाये" म्हणत राहिले. पौर्णिमाला काय वाटलं ते तिचं तिलाच ठाऊक. आपण केलेल्या जागेत आपला बाप बुड टेकत नाही, तर आपण इतकी वर्षं केलं तरी काय?

पुढं मोर्शीकडचं काम आलं. गोपालशेठ संत्र्याचे मोठे व्यापारी. बागेतच रिसॉर्ट काढायचा म्हणाले. "म्याडम, फाइव्ह स्टार पायजे, पण गावासारखं वाटलं पायजे." हे वाक्य पौर्णिमानं इतक्यांच्या तोंडून ऐकलं होतं की आता कानही हलत नव्हता. लोक बालीचा फोटो दाखवतात, जयपूरच्या कमानी मागतात आणि शेवटी घरातल्या कुणा काकूंना आवडते म्हणून गुलाबी टाइल लावून मोकळे होतात. पन्नाशी उलटली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि पडद्याच्या कापडाचे नमुने पाहिले तरी डोकं धरायचं. कंटाळा नव्हे, थकवा. झोपून न जाणारा.

तरी या कामात तिनं एक जागा स्वतःसाठी चोरली. रिसॉर्टच्या तोंडाशी लॉबीऐवजी छपरी काढली. वऱ्हाडात घराच्या पुढ्यात असते ना, तीन बाजूंनी भिंत आणि समोरून मोकळी, तीच. भिंतीला लागून रुंद ओटा, खाली शहाबादी फरशी, लाकडी खांब, आणि एका कोपऱ्यात टांगलेली बंगई. बंगई म्हणजे आपला फळीचा झोपाळा. काउंटर नाही, काच नाही. पाहुण्यानं यावं, टेकावं, पाणी प्यावं, मग नावगाव. तिची परीक्षा एकच होती. बाबा आले तर कुणी न सांगता बसले पाहिजेत.

नकाशा पाहायच्या बैठकीला शेठची मुलगी आकांक्षा आली. पुण्याहून हॉटेलचं शिकून आलेली, चुणचुणीत पोरगी. नकाशावर ठळक अक्षरांत 'छपरी' वाचलं आणि ती फिस्सकन हसली. "मॅम, प्लीज! छपरी ही शिवी आहे आता. केस रंगवून बाइक उडवणाऱ्या पोरांना म्हणतात. आमच्या रिसॉर्टची छपरी असं कुणी नेटवर टाकलं तर मेलोच आम्ही!"

गोपालशेठही हसले. "अवं, आमच्या लहानपणापासून छपरीच म्हणून राह्यलो ना आमी!"

"बाबा, तुम्ही म्हणत असाल. गेस्ट नाही म्हणणार. लाउंज ठेवू या."

पौर्णिमा भांडली असती. पूर्वीची पौर्णिमा तर टेबलावर हात आपटून भांडली असती. पण त्या दिवशी सकाळपासून ती अकोल्याच्या एका मंगल कार्यालयाच्या छतावरून वाद घालून आली होती. भुवया चोळत ती म्हणाली, "ठेव गं बाई, तुला आवडेल ते ठेव. नावात काय आहे?"

नावात काय आहे! आता ऐका.

ऑफिसातल्या मुलीनं सगळ्या नकाशांवरचं 'छपरी' खोडून 'लाउंज' केलं. पौर्णिमा अकोल्याच्या कामात गुरफटली, मोर्शीकडं फिरकलीच नाही. उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा कुठं गेली, आणि गाडीतून उतरून जागच्या जागी थांबली. समोरची मोकळी बाजू खालपासून वरपर्यंत काचेनं बंद. ओट्याच्या जागी पांढरे सोफे. बंगईच्या जागी चकचकीत काउंटर, आणि डोक्यावर एसी घरघरतोय.

ठेकेदार मोईजभाई अंजनगाव सुर्जीचा, तिच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. तिचं तोंड पाहून तो घाबरला. "काहून म्याडम? काई चुकलं काय?"

"मोईजभाई, ओटा कुठं गेला?"

"म्याडम, नवीन नकाशात लाउंज लिवलं होतं ना? म्या शेठले इचारलं. ते म्हणे, लाउंज म्हणजे एसी आला. अन् एसी आला म्हणजे काच लागनच. मोकळ्यात एसी कसा चालन? ओट्याले लाउंजमंदी कोन बसते म्हणे. छपरी असती तं हातबी नसता लावला, खुदा कसम. छपरी काय असते, मले मालूम नाई काय?"

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. शेठचंही नाही, ते तर हौसेनं दिव्यांची बटणं दाबून दाखवत होते, "म्याडम, आता वाटते ना फाइव्ह स्टार?" पौर्णिमा "हो, छान झालंय" म्हणाली. इतकं छान खोटं तिला सवयीनं जमत होतं. उद्घाटनाच्या तोंडावर काच फोडा म्हणायला अंगात जीव लागतो, आणि तो तिनं कधीच वाटून टाकला होता. परतीच्या वाटेवर मात्र गाडी बाजूला लावून ती पोटभर रडली. काचेसाठी नाही. सगळं एका 'ठेव गं बाई'नं घालवलं म्हणून.

अमरावतीच्या घरी नत्थुजी तयार बसले होते. उद्घाटनाआधी पोरगी आपल्याला एकट्याला जागा दाखवणार म्हणून तिच्या भावानं त्यांना मुद्दाम बार्शीटाकळीहून आणून सोडलं होतं. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी.

"निंगायचं काय?" ते उठतच म्हणाले.

पौर्णिमानं त्यांच्याकडं पाहिलं. पांढऱ्या सोफ्यांमध्ये चपला हातात धरून उभे असलेले बाबा तिला दिसले, आणि तिला ते सहन होईना.

"बाबा," ती म्हणाली, "अजून झालं नाई. थोडं काम बाकी हाये."

"मंग उद्घाटन?"

"ते लोकाईचं हाये. तुमाले दाखवाचं ते अजून व्हायचं हाये."

नव्वदीला टेकलेल्या नत्थुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावले नाहीत. पोरीचा चेहरा पाहून एवढंच म्हणाले, "कर माय, सावकाश कर. मी थांबतो ना. मले कुठं जायचं हाये?"