दत्ताच्या रेडिओतला कॅपॅसिटर

माझी शेवटची पोस्टिंग बर्फात होती. पोस्टचं नाव सांगत नाही. मी लष्करात सिग्नल्सचा, म्हणजे वायरलेसवाला नायक, गाव परंडा. हवालदार दत्ता माळी फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याचा. सबंध पोस्टवर मराठी माणसं आम्ही दोघंच, त्यामुळं जेवायला तोच अन् भांडायलाही तोच.

सकाळी वायरलेस सेट तपासायचा, बॅटरी चार्जला लावायची, रिपोर्ट द्यायचा. दुपारी दत्ताचा ट्रान्झिस्टर. बायकोनं दिलेला, म्हणून कुणाला हात लावू द्यायचा नाही. फटाक्याच्या गावचा गडी अन् एवढ्याशा डबीला जपतोस, असं मी चिडवायचो.

एकदा त्याला कॅपॅसिटर समजावत होतो. दोन पत्रे, मधे आडपडदा. बॅटरीचा डीसी एकाच दिशेनं रेटतो. कॅपॅसिटर भरला की वाट बंद. एसी सारखी दिशा बदलतो, त्यामुळं तो भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो, आणि हालचाल पलीकडं पोचत राहते.

"म्हंजी हलगी," दत्ता म्हणाला. "कातड्यातनं हात जात न्हाय, आवाज जातोय."

मला रागच आला, कारण बरोबर होतं.

पुढं एके दिवशी दत्ता तिघांना घेऊन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला गेला. दुपारी कडक ऊन पडलं. तुम्हाला ऊन चांगलं वाटेल, तिथं उन्हानं उतारावरचं बर्फ सुटून खाली कोसळतं. मागच्या हेडक्वार्टरमधून टेलिफोनवर ऑर्डर आली: नाल्यावरचा उतार धोक्याचा आहे, पेट्रोलनं डोंगराच्या धारेवरून परतावं. मी सेटवर तीनदा सांगितलं. दत्ताचं उत्तर आलं, "आवाज नाही, नुसती घरघर. नाल्यानं येतोय. ओव्हर."

दुसरा सेट पेट्रोलकडंच होता.

सेट उघडला. माइकला थोडा डीसी लागतो, आणि आपलं बोलणं त्यावर एसीसारखं थरथरतं. पुढचा कॅपॅसिटर डीसी अडवतो, बोलणं सोडतो. तोच शॉर्ट झाला होता. डीसी थेट आत घुसला आणि बोलणं गुदमरलं. स्पेअर नव्हता. सुभेदार साहेब म्हणाले, तार जोडून टाक. म्हटलं, साहेब, तार जोडल्यासारखं झालंय हाच तर बिघाड आहे. ते दुर्बीण घेऊन बाहेर गेले.

तसा कॅपॅसिटर एकाच ठिकाणी मिळणार होता. मी दत्ताचा ट्रान्झिस्टर उघडला. थंडीनं बोटं बधिर. त्या कॅपॅसिटरला प्लस-मायनस असतो. उलटा बसवला तर डीसी गळणार आणि सगळंच मुसळ केरात. दोनदा त्याच्यावरची मायनसची पट्टी बघितली, तरी खात्री वाटेना. बाहेरून साहेब ओरडले, पेट्रोल नाल्यात उतरतंय. तसाच डाग देऊन बसवला आणि सेट चालू केला.

सेटवर मराठी बोलायचं नसतं. मी बोललो.

"दत्ता, माघारी फिर. धारेवर चढ."

"आलं ऐकू. फिरतोय." मग म्हणाला, "लई येळ लावलास रं."

त्यानं तिघांना पुढं घातलं, स्वतः मागं राहिला. तिघं धारेवर पोचले आणि वरचं बर्फ सुटलं. दत्ता आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला.

पेन्शनीत आल्यावर तेरखेड्याला दत्ताच्या घरी गेलो. त्याच्या सामानाबरोबर रेडिओ घरी आला होता. बर्फानं बिघडला असंच वहिनी, दत्ताची बायको, धरून चालल्या होत्या. मी सगळं खरं सांगितलं आणि खिशातून नवा कॅपॅसिटर काढला. आत्ता बसवून देतो म्हटलं.

त्यांनी विचारलं, "तुमचं बोलणं त्यांच्यापतूर ह्याच्यातल्याच कॅपॅसिटरमधनं गेलं?"

"व्हय."

"मग काय म्हणाले ते?"

शेवटचं वाक्य सांगावं की नाही, कळेना. पण सांगितलं.

वहिनी हसल्या आणि लगेच पदर डोळ्याला लावला. "घरी बी असंच म्हणायचे. पाणी द्यायला उशीर झाला तरी."

मग त्यांनी रेडिओ माझ्या हातातून घेतला.

"त्यांच्यासाठी निघालेल्याची जागा रिकामीच ऱ्हाऊ द्या. नवीन घालू नका."

रेडिओ आजही दत्ताच्या फोटोखाली आहे, मुका. नवा कॅपॅसिटर मी परंड्याला तसाच परत आणला.